लेझरने जखम तपासणारी यंत्रं आणि खोलीतले दिवे: विकत घेण्याआधी वाचा

लेझरने जखमेचा रक्तप्रवाह दाखवणारं यंत्र विकायला आलेला माणूस डेमो देताना आधी पडदे ओढतो. ते तो उगाच करत नाही. तेच यंत्र नंतर ड्रेसिंग रूममध्ये जातं. तिथे पश्चिमेची खिडकी असते, चोकवाली जुनी ट्यूब असते आणि सिस्टरना जखम नीट दिसावी म्हणून खाटेवर ओढलेला हॅलोजनचा दिवा असतो. मग सोमवारी यंत्रावर लाल (म्हणजे भरपूर प्रवाह) दिसलेली जखम गुरुवारी पिवळी (म्हणजे कमी प्रवाह) दिसते, आणि ती बरी होत नाहीये की बाहेर ढग आले होते, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून हा आढावा यंत्रांचा आहे तितकाच खोलीचाही आहे.

सध्या या कामासाठी दोन जातींची यंत्रं मिळतात. पहिली लेझर डॉप्लर. यातलं सगळ्यांत नावाजलेलं यंत्र म्हणजे ब्रिटनच्या मूर कंपनीचं मूर-एलडीआय2-बीआय, भाजलेल्या जखमांसाठी बनवलेलं. त्यात 633 नॅनोमीटरचा लाल हीलियम-निऑन लेझर आरशाच्या साहाय्याने जखमेवरून बिंदू-बिंदू फिरतो. हलत्या लाल पेशींवरून परतणाऱ्या प्रकाशाची वारंवारता किंचित बदलते, आणि त्यावरून यंत्र प्रवाह काढतं. दुसरी जात लेझर स्पेकलची: स्वीडनच्या पेरिमेडचं पेरिकॅम पीएसआय आणि मूरचंच एफएलपीआय-2. यांत 785 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा लेझर सगळ्या जखमेवर एकदम पसरतो आणि कॅमेरा फोटो काढतो. लेझरचा ठिपका भिंतीवर पाडला की त्यात रवाळ कण चमचमताना दिसतात, तेच स्पेकल. खाली रक्त वाहत असेल तर हे कण पुसट होतात. जितके पुसट, तितका प्रवाह जास्त.

दोन्ही यंत्रांत खोलीचा प्रकाश घुसतो, पण दोघांना फसवतो उलट्या दिशांनी. माहितीपत्रकात ही गोष्ट ठळक छापलेली सापडणार नाही, म्हणून ती आकड्यांत मांडतो.

स्पेकल यंत्र कणांच्या चढउताराला सरासरी उजेडाने भागून कॉन्ट्रास्ट काढतं. समजा लेझरचा परतलेला उजेड 100 आहे आणि दिव्याने त्यात 10 ची भर घातली. चढउतार तेवढाच राहिला, सरासरी मात्र 110 झाली. कॉन्ट्रास्ट 91 टक्क्यांवर आला. यंत्राच्या दृष्टीने कण पुसट झाले, म्हणजे प्रवाह वाढला. प्रवाहाचा आकडा कॉन्ट्रास्टच्या व्यस्त प्रमाणात काढलेला असेल तर 10 टक्के वाढ दिसते, व्यस्त वर्गाने काढलेला असेल तर 21 टक्के. एकही केशवाहिनी उघडलेली नसताना.

डॉप्लरमध्ये हिशेब उलटा. तिथे बदलत्या संकेताची ताकद सरासरी उजेडाच्या वर्गाने भागण्याची पद्धत आहे. सरासरी 100 ची 110 झाली की भाजक 1.21 पट होतो आणि प्रवाह सुमारे 17 टक्क्यांनी कमी दिसतो. भाजलेल्या जखमेत प्रवाह जास्त म्हणजे जखम उथळ, कमी म्हणजे खोल. म्हणजे त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली, स्पेकल यंत्र जखम उथळ दाखवेल आणि डॉप्लर यंत्र खोल. यंत्र मागचा उजेड मोजून वजा करत असेल तर चूक बरीच आटोक्यात येते. करतं का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा, आणि ‘हो’ म्हणाला तर खोलीत करून दाखवायला सांगा.

भाजलेल्या जखमेत याची किंमत मोठी आहे. मूरच्या यंत्राच्या रंगपट्टीत ढोबळमानाने लाल म्हणजे 14 दिवसांच्या आत भरेल, पिवळा म्हणजे 14 ते 21 दिवस, निळा म्हणजे 21 दिवसांहून जास्त. त्वचारोपण करायचं की थांबायचं हा निर्णय पिवळ्या-निळ्याच्या सीमेवरच अडतो, आणि 17 टक्क्यांची चूक नेमकी त्या सीमेवर नडते. उपचार आणि उपकरणं पारखणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने मार्च 2011 मध्ये या यंत्राची शिफारस केली तीही अशाच जखमांसाठी: भाजण्याची खोली नजरेने ठरत नाही तिथे, भाजल्यापासून 48 तास ते 5 दिवस या काळात. या जातीच्या यंत्रामागे पुराव्याचं पाठबळ सगळ्यांत भक्कम आहे, यात वाद नाही. पण ते पाठबळ नीट तयार केलेल्या खोलीतल्या स्कॅनला लागू पडतं. कुठल्याही वॉर्डात, कुठल्याही दिव्याखाली घेतलेल्या स्कॅनला ते आपोआप चिकटत नाही.

आता दिव्यांकडे वळू. इथे उजेड मोजणारा लक्समीटर साफ फसवतो. लक्समीटर माणसाच्या डोळ्यासारखं बघतो आणि 785 नॅनोमीटरला डोळा जवळपास आंधळाच असतो. पांढऱ्या एलईडीचा उजेड निळा डायोड आणि त्यावरचा पिवळसर लेप यांतून येतो, आणि 700 नॅनोमीटरच्या पलीकडे तो झपाट्याने ओसरतो. म्हणून 500 लक्सचं झगझगीत एलईडी पॅनेल स्पेकल कॅमेऱ्याला जवळजवळ दिसतच नाही. उलट कोपऱ्यात मिणमिणणारा हॅलोजन किंवा जुना पिवळा बल्ब आपली बरीचशी ऊर्जा इन्फ्रारेडमध्ये ओततो. डोळ्याला तो मंद वाटतो, पण कॅमेऱ्यासाठी तो मशालच. फिजिओथेरपीचा शेकाचा लाल दिवा तर आणखी वाईट. तो नुसता संकेत बिघडवत नाही, त्वचा तापवून खरोखरच रक्तप्रवाह वाढवतो. त्या वाढीला चूक म्हणता येत नाही आणि निष्कर्षही म्हणता येत नाही. ऑपरेशन थिएटरचा (ओटीचा) जुना हॅलोजन दिवाही याच पंगतीतला, म्हणून स्कॅनआधी तो विझवायचा आणि त्वचा निवायला 15-20 मिनिटं द्यायची.

डॉप्लरच्या 633 नॅनोमीटरला मात्र एलईडीही निर्दोष नाही, कारण लाल रंग पांढऱ्या प्रकाशात असतोच. 2700-3000 केल्विनच्या पिवळसर एलईडीत तो जास्त, 6500 केल्विनच्या निळसर-पांढऱ्यात कमी. डॉप्लरच्या खोलीत पिवळसर दिवे लावून ‘रुग्णाला प्रसन्न वाटेल’ असा विचार इंटीरियरवाल्याने केला असेल, तर त्याला तो वेटिंग रूमपुरता ठेवायला सांगा. यंत्र चालू असताना छतावरचे दिवे बंद आणि लांबच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड केलेला एक निळसर-पांढरा दिवा, एवढंच पुरे. रुग्णाच्या आणि जवळ उभ्या असलेल्यांच्या डोळ्यांवर 633 साठीचे संरक्षक चष्मे हवेतच. चेहरा भाजलेला असेल तर डोळे नीट झाकल्याशिवाय स्कॅन सुरूच करू नये.

दुसरा उपद्रव लुकलुकण्याचा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, शिवाय 200, 300 अशा पटींतही. डॉप्लर यंत्र ऐकतं तो पट्टा साधारण काही दशक हर्ट्झपासून 15-20 किलोहर्ट्झपर्यंत असतो, आणि ट्यूबची लुकलुक त्याच्या बरोबर आत पडते. यंत्राला वाटतं पेशी हलतायत. स्वस्त डिमरवाले एलईडी याहून वाईट, कारण ते उजेड कमी करण्यासाठी दिवा सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा चालू-बंद करतात. इथे चूक उलट दिशेची होते, म्हणजे प्रवाह जास्त दिसतो. एकाच ट्यूबने सरासरी वाढवून आकडा खाली ओढला आणि लुकलुकून वर ढकलला, तर उरलेला आकडा कशाचा आहे हे देव जाणे. बऱ्याच डॉप्लर यंत्रांत पट्ट्याची खालची मर्यादा वर नेता येते, त्याने 100 हर्ट्झचा त्रास कमी होतो. पण मग मंद प्रवाहही त्यासोबत गळतो, आणि खोल भाजलेल्या जखमेत नेमका तोच शोधायचा असतो. ट्यूब बदलणं स्वस्त पडतं.

स्पेकल कॅमेऱ्यात लुकलुक वेगळ्या वेषात येते. भारतीय ग्रिडची वारंवारता 49.90 ते 50.05 हर्ट्झच्या दरम्यान राखायची असते, म्हणजे ती बरोब्बर 50 वर क्वचितच असते. ती 49.95 असेल तर ट्यूबची लुकलुक 99.9 हर्ट्झ होते. सेकंदाला 25 फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्याला त्यातून 0.1 हर्ट्झची संथ लाट दिसते, दर 10 सेकंदांनी एक. आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांची स्वतःची नैसर्गिक आकुंचन-प्रसरणाची लयही 0.1 हर्ट्झच्याच आसपास असते! ट्यूबलाइटला ‘व्हॅसोमोशन’ समजून त्यावर शोधनिबंध लिहायची पाळी यावी, इतकं हे सारखं दिसतं. उपाय सोपा आहे. उघडीप वेळ (एक्स्पोजर, म्हणजे एका फोटोसाठी कॅमेरा जितका वेळ उजेड घेतो ती) 10 मिलीसेकंद ठेवली तर लुकलुकीचा एक पूर्ण फेरा त्यात मावतो आणि लाट जवळपास सपाट होते. ज्या यंत्रात उघडीप वेळ बदलता येत नाही तिथे ट्यूबच काढावी. संशय आला तर जखमेशेजारी ठेवलेल्या टॉवेलवरचा आलेख बघा. टॉवेलमध्येही तीच लय दिसली तर ती रुग्णाची नाही.

उन्हाचं काय करायचं हा सगळ्यांत जास्त हलक्यात घेतला जाणारा प्रश्न आहे. ‘यंत्रात फिल्टर आहे’, म्हणजे लेझरच्या आसपासचाच रंग आत सोडणारी काच आहे, हे उत्तर अपुरं. समजा 70 मिलीवॅटचा लेझर 15 बाय 15 सेंटिमीटरवर पसरला, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 0.3 मिलीवॅट पडतात. थेट ऊन 785 च्या आसपासच्या फक्त 10 नॅनोमीटरच्या पट्ट्यात दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 मिलीवॅट टाकतं. म्हणजे उत्तम फिल्टर असूनही ऊन लेझरच्या तिप्पट! उन्हाचा शंभरावा हिस्सा पडद्यातून झिरपला तरी 3 टक्के भर पडते. त्यातून हा झिरपा स्थिर नसतो. सकाळी 10 ला एक, दुपारी 3 ला दुसरा, पावसाळ्यात तिसरा. सगळ्या भेटींत चूक तेवढीच राहिली असती तर निदान तुलना तरी टिकली असती. इथे तीही टिकत नाही.

पडदे निवडतानाही डोळ्यावर विसंबू नका. पुष्कळ गडद रंग इन्फ्रारेडला अडवतच नाहीत. काळाभोर दिसणारा सिंथेटिक पडदा 785 नॅनोमीटरला झिरझिरीत असू शकतो. खिडकीवरची साधी काळी फिल्मही तशीच, उजेड अडवते पण इन्फ्रारेड सोडते. अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेला ब्लॅकआउट पडदा किंवा सरळ प्लायवुडचं झाकण खात्रीचं. हाच घोळ कपड्यांचा. जखमेभोवती पसरलेलं हिरवं-निळं ओटीचं कापड कॅमेऱ्याला पांढरंशुभ्र दिसतं आणि आजूबाजूचा उजेड जखमेवर परतवतं. कापड खरेदी करण्याआधी त्याचा एक तुकडा यंत्राखाली धरून बघावा.

अंतर ही फुकटात मिळणारी सुधारणा आहे. लेझर पसरत जातो, खोलीचा दिवा मात्र जखमेवर तेवढाच पडतो. यंत्र 15 सेंटिमीटरवरून 30 वर नेलं तर लेझर चौपट क्षेत्रावर पसरतो आणि दिव्याचा वाटा चौपट होतो. मोठी जखम एका फोटोत बसवायच्या मोहाने यंत्र उंच नेण्याऐवजी, उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत राहून, जवळून दोन फोटो घ्यावेत.

‘सावळ्या त्वचेवर खोलीचा उजेड जास्त नडतो’ असं विक्रेते सांगतात. ते अर्धंच खरं. मेलॅनिन लेझर शोषतं तसंच त्याच रंगाचा दिव्याचा उजेडही शोषतं, त्यामुळे दोघांचं प्रमाण बदलत नाही. नडतो तो दिव्यातून थेट भिंगात शिरणारा उजेड, कारण तो त्वचेला शिवतच नाही. दिवा कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर ठेवला की हा प्रश्न मिटतो.

ओल्या जखमेची चकाकी मात्र खरी डोकेदुखी. चकाकीने कॅमेऱ्याचे बिंदू पूर्ण भरून पांढरे पडले, तर तिथे चढउतार उरतच नाही, कॉन्ट्रास्ट शून्याकडे जातो आणि चित्रात भडक लाल डाग उमटतो. चकाकी त्याहून कमी असेल तर उलट होतं. स्थिर परावर्तन कण ठळक करतं आणि तिथे प्रवाह कमी दिसतो. म्हणून स्कॅनआधी निर्जंतुक गॉजने जखम टिपून घ्यावी, घासू नये. सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाचा पांढरा थर किंवा बीटाडिनचा डाग राहिला असेल तर धुऊन काढावा आणि धुतल्यावर त्वचा शांत व्हायला वेळ द्यावा.

डॉप्लर चित्रात आडवे पट्टे दिसले तर घाबरू नका, पण ते चित्र वापरूही नका. 256 बाय 256 बिंदू, प्रत्येकाला 4 मिलीसेकंद धरले तरी स्कॅनला सव्वाचार मिनिटांहून जास्त लागतात. तेवढ्यात ढग सरकतो, कोणीतरी दार उघडतं, रुग्ण खोकतो. पट्टा जखमेबाहेरच्या टॉवेलवरही सलग उमटला असेल तर उजेड बदलला. जखमेची कडा तिथे तुटलेली दिसत असेल तर रुग्ण हलला. लहान मुलांच्या बाबतीत बहुधा हे दुसरं कारणच खरं असतं, आणि तिथे एका झटक्यात फोटो घेणारं स्पेकल यंत्र उजवं ठरतं.

खोली तपासायला अर्धा तास पुरतो. आधी यंत्राची ऑटो-एक्स्पोजर बंद करा, नाहीतर ते दिव्याची चूक स्वतःच झाकून टाकेल. स्पेकल यंत्रासोबत तपासणीसाठी मिळणारी सूक्ष्म गोळ्यांच्या द्रावणाची कुपी हलकेच हलवा, बुडबुडे बसू द्या आणि यंत्राखाली ठेवा. हातात धरून ठेवू नका, हाताच्या उबेने गोळ्या जोरात हलतात आणि आकडा वाढतो. मग सलग नोंद सुरू करून खोलीतला एकेक दिवा 10 सेकंद बंद, 10 सेकंद चालू करा. पडदाही एकदा उघडून बंद करा. ज्या बटणाला आलेखात पायरी दिसते, ते बटण दोषी. उजेडात 5 टक्क्यांच्या वरची पायरी आमच्या मते अमान्य, कारण वर्गाच्या सूत्राने 5 टक्के उजेडच 10 टक्के खोटा प्रवाह देतो. त्यानंतर लेझर निघतो ती खिडकी काळ्या पुठ्ठ्याने झाका, कॅमेऱ्याचं भिंग उघडं ठेवा आणि कच्च्या उजेडाचा आकडा बघा. तो जवळपास अंधारातल्याइतकाच असायला हवा. कच्चा उजेड दाखवतच नसेल असं सॉफ्टवेअर असेल, तर आम्ही ते यंत्र घेऊ नका असंच सांगू.

विक्रेते याच टेबलावर आणखी दोन वस्तू मांडतात. न्यूझीलंडच्या अरान्झचं सिल्हूएट जखमेवर लेझरच्या रेषा टाकून लांबी-रुंदी-खोली मोजतं. तिथे रक्तप्रवाहाचा प्रश्नच नाही, फक्त भर उन्हात लाल मांसावरची रेषा फिकी पडते, बस. मोलेक्युलाइट आय:एक्स मात्र लेझर नाहीच. त्यात 405 नॅनोमीटरचे जांभळे एलईडी असतात आणि जंतूंची लालसर चमक अतिशय क्षीण असते. त्याला खरोखरचा अंधार लागतो, पुरेसा अंधार आहे का हे ते स्वतःच दाखवतं आणि नसेल तर त्याचं काळं आच्छादन वापरावं लागतं. वरचा एलईडी पॅनेलचा सल्ला त्याला लावू नका.

साध्या ड्रेसिंग रूमसाठी, मधुमेही पायाच्या पाठपुराव्यासाठी आणि मुलांसाठी स्पेकल यंत्र घ्यावं, सोबत न लुकलुकणारं पांढरं एलईडी पॅनेल आणि खिडकीला झाकण. यंत्राच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. भाजलेल्या रुग्णांचं मोठं केंद्र असेल आणि त्वचारोपणाचा निर्णय यंत्राच्या आधारे घ्यायचा असेल तर डॉप्लरच, पण त्याला स्वतःची, बिनखिडकीची खोली द्या. ती देता येत नसेल तर तेवढे पैसे घालू नका. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर स्कॅन करू नये, साध्या इन्व्हर्टरची खडबडीत लाट दिव्यांची लुकलुक बदलते. साइन-वेव्ह यूपीएस असेल तर चालेल.

एवढं करून झालं की स्विचबोर्डवर चालू ठेवायच्या बटणाला हिरवा आणि बंद करायच्या बटणांना लाल ठिपका चिकटवा. प्रत्येक चित्रासोबत अंतर, उघडीप वेळ आणि स्कॅनची घड्याळातली वेळ केसपेपरवर लिहा. रात्रपाळीची सिस्टर बदलली तरी दिवे बदलणार नाहीत.